विषय: घाटात मोटरहोम इतकी का ओरडते?

मंडळी, नमस्कार.
गेल्या सुट्टीत भाड्याची पेट्रोल मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, घेऊन डोंगरात गेलो होतो. सपाटीवर गाडी शहाण्यासारखी चालली. मोठा चढ लागला आणि तिनं आपणहून दोन गिअर खाली घेतले. काटा ४,५०० आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे), वेग ताशी ६०. मुलं मागून विचारतायत, "बाबा, इंजिन फुटणार का?" मी घाबरून अॅक्सिलरेटर सोडला, तर वेग ४० वर आला. शेवटी कडेला थांबलो. इंजिन खराब होतं की माझंच काही चुकलं?

———

अरे, इंजिन ठणठणीत होतं. पेट्रोल इंजिनाचा सगळा जोर वरच्या आरपीएमला असतो. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) असलेलं डिझेल १,५०० च्या आसपासच भरपूर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देतं, म्हणून ते घाट निमूट चढतं. पेट्रोलवालं आरडाओरडा करून चढतं, एवढंच.

हिशेबच कर. गाडी १० टनांची, चढ ६ टक्के. ताशी ६० नं जायचं तर नुसतं वजन वर न्यायलाच सुमारे १३० अश्वशक्ती लागते. हवेचा विरोध, टायर, गिअरबॉक्स धरून आकडा २०० च्या घरात जातो. फोर्डचं ७.३ लिटरचं व्ही-८ या गाड्यांत ३५० अश्वशक्तीचं असतं, पण ते समुद्रसपाटीला. टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटर उंचीला साधारण ३ टक्के ताकद गमावतं. म्हणजे ३,००० मीटरवर उरली २४५. आणि तीसुद्धा वरच्या आरपीएमलाच मिळते. तू नेमका तिथेच पाय काढलास!

मध्येच विमान उडाल्यासारखा घोंगाट झाला असेल, तर तो पंख्याचा. रेडिएटर तापला की पंख्याचा क्लच धरतो, म्हणजे पंखा इंजिनाला जोडला जाऊन जोरात फिरतो. तो आवाज आला की निर्धास्त राहा. तापमानाचा काटा चढतोय आणि पंखा गप्प, तेव्हा मात्र थांब.
— काका

———

काकांनी चढाचं सगळं सांगितलं, उताराबद्दल अवाक्षर नाही! माझी खरी भंबेरी उतारावर उडाली होती. पूर्ण उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरले, खाली पोचेपर्यंत ब्रेकचा जळका वास आणि पेडल मऊ. तेव्हापासून माथ्यावरच गिअर खाली घेते. पेट्रोल इंजिन पाय काढल्यावर स्वतःच गाडी बऱ्यापैकी ओढून धरतं, डिझेलला त्यासाठी वेगळा एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) लागतो. वेग वाढलाच तर ब्रेक नीट दाबून ताशी १०-१५ नं कमी करायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. आरपीएमचा काटा उतारावरही ४,००० च्या वर जाईल, मुलांना आधीच सांगून ठेवा.

आणि पाण्याची टाकी भरून घाट चढू नका. ३०० लिटर म्हणजे ३०० किलो.

———

ताई, काका, आभारी आहे. गिअरच्या दांड्यावर 'टो-हॉल' असं बटण होतं. ट्रेलर जोडला तरच ते वापरायचं असं समजून मी हात लावला नाही.

———

अरे, ट्रेलर नसला तरी दाब! चढावर ते सारखं गिअर बदलणं थांबवतं आणि उतारावर ब्रेक दाबलास की आपणहून खालचा गिअर घेतं. मागे अख्खं घर लादलंयस, अजून काय ओढायचंय तुला?

पाण्याचं ताई म्हणते ते खरं. फक्त संडासापुरतं थोडं ठेव. घाटात गाडी लावायला जागा मिळेलच असं नाही.
— काका