भिंतीत तार असताना मेश कशाला?

उंबरठा (धागाकर्ता)
घरात वायफाय पोचत नाही म्हटलं की हल्ली एकच उत्तर येतं: मेश घ्या, म्हणजे घरभर ठेवायचे, आपसात बोलणारे वायफायचे डबे (नोड). मागच्या खोलीत कॉल अडकतोय? मेश. वरच्या मजल्यावर टीव्ही नुसता गोल फिरवत बसतोय? मेश. अहो, प्रत्येक खोलीत तांब्याची तार आधीच गेलेली आहे, ती वापरा की! विजेच्या तारेतून नेट नेणाऱ्या पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी घ्यायची, एक राउटरजवळच्या सॉकेटमध्ये, दुसरा जिथे नेट हवं तिथे. वीज ५० किंवा ६० हर्ट्झवर चालते, अडॅप्टरचा डेटा साधारण २ मेगाहर्ट्झच्या वर; दोघे एकाच तारेतून जातात आणि एकमेकांच्या पायात येत नाहीत. उलट ५ गिगाहर्ट्झचं वायफाय सळ्यांचा एक स्लॅब मध्ये आला की मान टाकतं. मेशवाल्यांनी 'लावायला सोपं' यापलीकडचं कारण द्यावं.

तिरपागडा
पायात येत नाहीत हे विजेपुरतं खरं. विजेवर चालणाऱ्या वस्तूंचं काय? हलके चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मिक्सरची मोटर, सगळे त्याच पट्ट्यात कचरा ओततात. माझ्याकडच्या अडॅप्टरवर लिंकचा दिवा आहे. एरवी हिरवा. मिक्सर सुरू झाला की लाल, आणि कॉलवरच्या माणसाचं तोंड उघडं ते उघडंच राहतं. मिक्सर थांबला की तो माणूस एकदम तीन वाक्यं बोलून टाकतो.

आणि डब्यावरच्या आकड्यांबद्दल बोलाच. '१२००', '२०००' हा तारेवरचा कच्चा वेग, तोही आदर्श परिस्थितीतला. पॉवरलाइन हाफ डुप्लेक्स आहे, म्हणजे एका वेळी एकच जण बोलणार. घरात चार अडॅप्टर लावले तर चौघांत मिळून तोच रस्ता. प्रत्यक्षात निम्मा वेग मिळाला तरी नशीब. '६००' लिहिलेल्या कित्येक मॉडेलांचं लॅन पोर्ट मुळात १०० एमबीपीएसचं असतं. आता बोला.

उंबरठा
आकडे फुगवण्यात मेशवाले कुठे मागे आहेत? तिन्ही बँडची, म्हणजे वायफायच्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यांची, बेरीज करून डब्यावर छापतात. कोणता फोन एका वेळी तिन्ही बँडवर बसतो?

रात्रपाळी
धागाकर्त्याशी सहमत. गेम खेळणाऱ्याला विचारा. दोन बँडच्या मेशमध्ये उपनोड (मुख्य राउटरपासून लांब ठेवलेला डबा) ज्या ५ गिगाहर्ट्झवर फोनशी बोलतो त्याच रेडिओवर मुख्य राउटरशीही बोलतो. प्रत्येक पॅकेट हवेत दोनदा जाणार, म्हणजे वेग जवळपास अर्धा. पुढे तिसरा नोड साखळीत जोडला तर आणखी घसरण. सरासरी पिंग (संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) बरा दिसतो, पण मध्येच उसळतो, आणि खेळात तीच उसळी नडते. पॉवरलाइनवर वेग कमी असेल, पण लाइन स्वच्छ असेल तर पिंग जागचा हलत नाही.

मधला मजला
"लाइन स्वच्छ असेल तर". सगळं या चार शब्दांत आलं.

फेज न्यूट्रल
वायरिंगचं काम करतो म्हणून लिहितो. दोन्ही बाजूंनी वायरिंगकडे न बघताच भांडण चाललंय.

घरात थ्री फेज असेल आणि राउटरची खोली एका फेजवर, अभ्यासाची दुसऱ्यावर, तर सिग्नल पोचला तरी मार खाऊन पोचतो. कधी पोचतच नाही. काही खोल्या इन्व्हर्टरच्या वेगळ्या लाइनवर असतात, तिथेही तीच गत. एमसीबी, आरसीसीबी (बोर्डातले आपोआप वीज तोडणारे स्विच) पार करताना थोडं थोडं गळतं. सगळ्यात जास्त घोळ एक्स्टेन्शन बोर्डात: सर्ज प्रोटेक्टर असलेल्या बोर्डाचं कामच वरच्या फ्रिक्वेन्सी गाळणं, आणि लोक नेमका त्यातच अडॅप्टर खोचतात. तो थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच हवा.

२०१२ च्या सुमारास आलेल्या होमप्लग एव्ही२ या पॉवरलाइनच्या स्टँडर्डमध्ये तिसरी तार, म्हणजे अर्थिंगही डेटासाठी वापरायची सोय आहे. पण तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसेल तर? अशी सॉकेटं उघडून पाहिली आहेत, म्हणून विचारतो.

झरोका
मेशची बाजू घेतो. तुम्ही सगळे एका जागी बसणाऱ्या यंत्राबद्दल बोलताय. टीव्ही, डेस्कटॉप, कन्सोल. घरातली माणसं फोन घेऊन हिंडतात. ८०२.११के, व्ही आणि आर ही स्टँडर्ड त्यासाठीच आहेत: नोड फोनला शेजारच्या नोडची माहिती देतात आणि हस्तांतर झटपट होतं. (शेवटचा निर्णय फोनच घेतो. काही फोन लांबच्या नोडला चिकटून बसतात, हे मान्य.) पॉवरलाइनने एका खोलीत एक भोक पडतं, घरभर जाळं होत नाही.

मेश 'चालत नाही' म्हणणारे बहुतेक जण उपनोड नेमका सिग्नल मेलेल्या खोलीत ठेवतात. त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार? राउटर आणि ती खोली यांच्या मध्ये ठेवा, जिथे सिग्नल अजून बरा आहे तिथे. आणि जमलं तर तीन बँडचा घ्या, म्हणजे नोडांच्या आपसातल्या बोलण्याला वेगळा रेडिओ मिळतो.

उंबरठा
माझ्याकडे मध्ये जिना आहे. तिथे ना टेबल ना सॉकेट. नोड काय कठड्याला टांगू?

झरोका
टांगा. भिंतीवर लावायचे येतात.

लघुलहरी
माझा पॉवरलाइनला वेगळाच विरोध. घरभरच्या तारा अँटेना होतात. हौशी रेडिओवाल्यांचे पट्टे अडॅप्टरमध्ये दाबलेले असतात, पण बाकीचं शॉर्टवेव्ह ऐकायला बसा, नुसती खरखर. शिवाय सिग्नल मीटरपाशी थांबेलच असं नाही, शेजारच्या घरातही जाऊ शकतो. जोडीचं बटण दाबून स्वतःची की (डेटा कुलूपबंद करणारा सांकेतिक शब्द) तयार करून घ्या. जुन्या अडॅप्टरांत कंपनीची ठरलेली की सगळीकडे एकच असायची.

कात्री पक्कड
दोघांचंही कौतुक ऐकून झालं. आता सांगा, कॅट ६ ची नेटवर्क केबल ओढायला कोणी अडवलंय? १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट, दोन्ही दिशांना एकाच वेळी, मिक्सर लावा नाहीतर वेल्डिंग करा. मेशचे नोड त्या केबलवर बसवा, रात्रपाळींची अर्धा वेगाची तक्रारही संपली.

उंबरठा
भाड्याच्या घरात भिंत फोडून? नको.

कात्री पक्कड
स्कर्टिंगच्या कडेने चपटी केबल जाते, भिंतीला हात लावावा लागत नाही. टीव्हीसाठी कोअॅक्स (केबल टीव्हीची गोल तार) आधीच गेलेली असेल तर तिच्यातून नेट नेणारे मोका अडॅप्टर बघा, २.५ गिगाबिटपर्यंतचे आहेत. मात्र डिशचा सिग्नल चालू असलेल्या केबलवर नको, दोघांच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींवर येतात.

मधला मजला
माझ्याकडे खिचडी आहे. खाली मेशचे दोन नोड, आणि स्लॅबच्या वर जायला पॉवरलाइन, तिच्या टोकाला तिसरा नोड लॅन केबलने. वायफायचं नाव एकच. स्लॅब ओलांडायचं काम तार करते, बाकी हवा. वर जाणारा वेग फार नाही, पण कॉल तुटत नाहीत.

तिरपागडा
आणि मिक्सर?

मधला मजला
तो वेगळ्या फेजवर आहे. लॉटरी लागली म्हणायची.

फेज न्यूट्रल
लॉटरी कशाला, मेन बोर्ड उघडून इलेक्ट्रिशियनला विचारा, कुठली खोली कशावर आहे ते दोन मिनिटांत कळतं. @उंबरठा, घेण्याआधी कोणाची तरी जोडी एका संध्याकाळपुरती मागून आणा. दोन लॅपटॉपमध्ये आयपर्फ (दोन यंत्रांमधला वेग मोजणारा प्रोग्राम) चालवा. स्पीडटेस्टने इंटरनेटचा वेग कळतो, तारेचा नाही. आणि दुपारच्या शांततेत मोजू नका. सगळे दिवे, चार्जर, मशीन चालू असताना मोजा.

उंबरठा
मोजतो. पण आकडा चांगला आला तर झरोका यांनी नोड कठड्यावर टांगायचा सल्ला मागे घ्यायचा.

झरोका
आधी आकडा टाका.