तंत्राच्या नावाने शोधा
बरेच जण म्हणतात की हल्ली वेगळं अ‍ॅनिमेशन सापडतच नाही, तेच तेच समोर येतं. सापडतं हो! विषयाऐवजी तंत्राचं नाव टाकून शोधा: स्टॉप मोशन (वस्तू किंचित हलवत एकेक फ्रेम टिपणं), पिक्सिलेशन (तेच, पण जिवंत माणसं घेऊन), रोटोस्कोपिंग (खऱ्या चित्रीकरणावरून फ्रेम गिरवून काढणं). कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या (तिथली सरकारी चित्रपटसंस्था) साइटवर तर बरंच काही फुकट आहे. अ‍ॅनिमेटर नॉर्मन मॅक्लॅरेनचा १९५२चा पिक्सिलेशनचा लघुपट ‘नेबर्स’ आधी बघा. एका फुलावरून दोन शेजारी भांडतात, एवढीच गोष्ट. पण जिवंत माणसं बाहुल्यांसारखी एकेका फ्रेमने हलवलीत, चक्क हवेत तरंगत सरकतात! संगीतही वाद्यांचं नाही, फिल्मच्या कडेच्या ध्वनिपट्टीवर खुणा उमटवून केलेलं. (हेडफोन लावाच.) एखादी फिल्म आवडली की शेवटची श्रेयनामावली वाचून त्या नावांच्या मागे लागा. अल्गोरिदमच्या शिफारशींपेक्षा मला तरी त्यातूनच जास्त मिळालंय.