आत्याच्या पंचाहत्तरीसाठी जाळीचा स्टोल: लोकर कोणती, वीण कोणती?

उनाड_सुई
नमस्कार मंडळी. जानेवारीत आत्याला पंचाहत्तर पूर्ण होताहेत. तिच्यासाठी दोन सुयांवर जाळीचा हलका स्टोल विणायचा विचार आहे. थंडीत पहाटे फिरायला जाताना साडीवर घेता येईल असा. आजवर टोपडी, मोजे आणि तीन स्वेटर एवढीच माझी मजल. जाळी कधी केलेली नाही. आत्याला लोकर टोचते. हातात सात आठवडे आहेत, त्यात नोकरी. घरात ॲक्रिलिकच्या बेबी लोकरीचे चार गुंडे पडून आहेत, ते चालतील का? आणि वीण अशी सुचवा की निम्म्यावर रडू येणार नाही.

सुईदोरा
क्रोशाने कर की! चुकलं तर एकाच टाक्याशी खेळायचं, सगळी ओळ सुटत नाही.

उनाड_सुई
ताई, क्रोशा मला आत्यानेच शिकवला. तिला क्रोशाचं काही देणं म्हणजे हलवायाला पेढे देणं.

जुनी_सुई
आधी लोकरीचं बोलू, कारण निम्मं यश तिथेच आहे. जाळी सुईवर असताना चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते. भिजवून, ताणून, टाचण्या लावून वाळवली की तिची नक्षी उघडते. खरी लोकर ओली ताणली की वाळल्यावर तशीच राहते. ॲक्रिलिक पाण्याने राहत नाही, पुन्हा आक्रसतं. त्याला वाफ द्यावी लागते, तीही इस्त्री वर अधांतरी धरून. टेकली की वितळून चपटं झालंच म्हणून समज. ते चार गुंडे सरावाला ठेव.

आत्यासाठी मेरिनो (मेरिनो मेंढीची मऊ लोकर) किंवा मेरिनो-रेशीम मिश्र, दोन पदरी बारीक धागा घे. ५० ग्रॅमला साधारण ४०० मीटर असतो तो. एका स्टोलला ४०० मीटर पुरतात, पण एक गुंडा जास्तीचा घेऊन ठेव, नंतर तोच रंग मिळेल याची खात्री नाही. टोचते का हे तळहातावर कळत नाही, मानेला लावून बघ. सुया ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिमी. स्टीलच्या सुयांवरून हा धागा फार निसटतो, बांबूच्या बऱ्या.

वीण 'ओल्ड शेल' घे, पिसाऱ्यासारख्या लाटांची. चार ओळींत फक्त एकच ओळ जाळीची, म्हणून सुचवतेय. ६० टाके घाल: १८ चे तीन भाग आणि दोन्ही कडांना ३-३ टाके, ते कायम सुलट.
पहिली ओळ सगळी सुलट. दुसरी उलट. तिसरीत प्रत्येक १८ मध्ये: तीनदा दोनाचा एक (दोन टाके एकत्र विणायचे), मग सहा वेळा 'धागा पुढे, एक सुलट' (धागा पुढे घेतला की एक जादा टाका आणि भोक तयार होतं), मग पुन्हा तीनदा दोनाचा एक. चौथी सगळी सुलट. सहा टाके कमी, सहा जास्त, हिशेब जमतो. न जमला तर तिथेच थांब आणि मोज, पुढच्या ओळीत आपोआप सुधारेल या आशेवर राहू नकोस.

मऊमऊ
मोहेर घ्या ना, अंगोरा बकरीची लवदार लोकर, किती तलम दिसतं! आणि त्याच्या लवेत चुका झाकल्या जातात.

जुनी_सुई
चुका झाकल्या जातात खऱ्या, पण उसवायची वेळ आली तर लव लवेत अडकते आणि धागा सुटत नाही. पहिल्या जाळीला मोहेर म्हणजे पोहायला शिकताना थेट विहीर. शिवाय आत्याला टोचतं म्हणतेय ती.

ॲबर्डीनवाली
ओल्ड शेलचं नाव वाचून राहवलं नाही, ही वीण शेटलंडचीच, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांची. तिथे जाणारी रात्रीची बोट आमच्याच बंदरातून सुटते. लेरविकच्या शेटलंड संग्रहालयात तिथल्या जाळीच्या शाली बघितल्यात. उन्स्ट बेटावरच्या काही शाली इतक्या तलम की लग्नाच्या अंगठीतून आरपार जातात. तसलं काही मनात आणू नकोस हं, तो कोळ्याच्या जाळ्याएवढा बारीक धागा आहे!

कामाची गोष्ट अशी की या विणीत सुरुवातीची कड छान लाटांची येते, शेवटची तेवढी येत नाही. चोखंदळ बायका दोन अर्धे विणून मधोमध सुईने सांधतात. पहिल्या वेळी मी तरी तो उद्योग केला नसता. शेवटी फक्त टाके सैल बंद कर, एक आकार मोठी सुई घेऊन.

सुईदोरा
बांगड्या! आत्या बांगड्या, मंगळसूत्र घालत असेल तर मोठ्या भोकांची जाळी दर पाच मिनिटांनी अडकेल. माझ्या वन्संना दिलेला स्टोल त्यांनी एकदाच घेतला आणि कपाटात घातला. तिथे कसर लागली ती वेगळीच. ओल्ड शेलची भोकं लहान असतात, बरी आहे ती.

जुनी_सुई
बरोबर. आणि या चार ओळींच्या दर दहा पुनरावृत्त्यांनी, चौथी सुलट ओळ झाली की, वेगळ्या रंगाचा शिवणदोरा सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून ओवून ठेव. नंतर गोंधळ झाला तर तिथपर्यंत निर्धास्त उसवता येतं. मी हे पहिल्या स्टोलला केलं नाही, दोन महिन्यांचं काम एका संध्याकाळी पुन्हा गुंडा झालं.

वेळेचा अंदाज: साधारण ४०० ओळी, ओळीला तीन-चार मिनिटं. म्हणजे २० ते २७ तास. रोज पाऊण तास बसलीस तर शेवटचा आठवडा धुण्या-ताणण्याला उरतो.

उनाड_सुई
दोन तुकडे विणून बघितले, एक घरच्या ॲक्रिलिकचा, एक मेरिनोचा. भिजवून ताणले. टाचण्या काढल्यावर ॲक्रिलिक तासाभरात परत गोळा झालं, मेरिनो पसरलेलं राहिलं. फिक्या जांभळ्या मेरिनोचे दोन गुंडे मागवले आहेत. जुनी_सुई काकू, धुताना साबण कुठला?

जुनी_सुई
रिठ्याचं पाणी, कोमट. चोळायचं नाही, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. मग मुलांच्या कोड्याच्या फोम मॅट जोडून त्यावर ताण, साधारण १६० सेंमी लांब होईतो. लाटांच्या प्रत्येक टोकाला एक टाचणी. स्टीलच्या घे. माझ्या गंजल्या होत्या, पांढऱ्या स्टोलवर तपकिरी ठिपक्यांची रांग अजून दिसते.