मदत हवी आहे: स्ट्रॅटवर (फेंडर स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार) १९६६ चा ब्लूज-रॉक आवाज, तोही फ्लॅटमध्ये

पाचवी_पोझिशन

ब्रिटिश ब्लूज गायक जॉन मेयॉलच्या बँडमध्ये १९६६ साली गिटारवादक एरिक क्लॅप्टनने काढलेला आवाज हवा आहे. जाड, लांबणारा, तरी पिकचा प्रत्येक आघात वेगळा ऐकू येणारा. सामान असं: तीन सिंगल कॉइल पिकअपची (तारेचं कंपन टिपणारी चुंबकी गुंडाळी) स्ट्रॅट, ०.००९ च्या तारा (सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचात), ट्यूब स्क्रीमर टीएस-९ (आवाज फाडणारं पेडल), ८ इंची स्पीकरचा २० वॅटचा ट्रान्झिस्टर अँप. अँपच्या ड्राइव्ह (आवाज फाडणाऱ्या) चॅनेलवर गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) ८, बेस ८, मिड ३, ट्रेबल ७. पेडलचा ड्राइव्ह नॉब घड्याळातल्या तीनच्या काट्यावर, लेव्हल बाराच्या.

ब्रिज पिकअपवर (तारा जिथे बसतात त्या पुलाजवळचा) सोलो चिरका लागतो, कानाशी डास भुणभुणल्यासारखा. कॉर्ड वाजवली की सगळे सूर एकमेकांत कालवले जातात. आणि गिटारचा व्हॉल्यूम ५ वर आणला की आवाज साफ होण्याऐवजी गोधडीखालून आल्यासारखा येतो. दोन्ही बाजूंना शेजारी, त्यामुळे मोठ्याने वाजवणं शक्य नाही. आहे त्या सामानात काय करता येईल? पुढे एकच वस्तू घ्यायची तर कोणती?

तापलेला_व्हॉल्व्ह

आधी गेन उतरवा. क्लॅप्टनच्या त्या ध्वनिमुद्रणात गिब्सनची लेस पॉल गिटार आणि १२ इंची दोन स्पीकरचा मार्शल कॉम्बो (स्पीकरसह एकाच पेटीतला व्हॉल्व्हचा अँप) होता, अँपचा आवाज भरपूर चढवलेला. आपण ज्याला डिस्टॉर्शन म्हणतो ते तिथे पॉवर व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर या तिघांवर ताण पडून आलेलं आहे. हलक्या हाताने वाजवलं की स्वच्छ, जोरात मारलं की फाटतो. हा फरक हाच त्या आवाजाचा जीव आहे.

तुमच्याकडे पेडल आवाज फाडतं आणि ड्राइव्ह चॅनेल तोच फाटलेला आवाज पुन्हा फाडतो. त्यात हलकं-जोरात हा फरक संपतो. कॉर्ड कालवली जाते तीही यामुळेच: दोन सूर एकत्र फाटले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर तयार होतात. षड्ज-पंचमात ते जुळून जातात, गंधार आला की खटकतात. म्हणून जास्त गेनवर पॉवर कॉर्ड (नुसते षड्ज-पंचम) चालते आणि मेजर कॉर्ड चिखल होते.

क्लीन चॅनेल लावा. बेस ४, मिड ७, ट्रेबल ५. पेडलचा ड्राइव्ह अकराच्या काट्यावर, टोन अकराच्या. लेव्हल एवढीच की पेडल चालू-बंद केल्यावर आवाज जेमतेम वाढावा. ‘ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तो व्हॉल्व्हच्या अँपसाठी आहे. तिथे वाढलेला सिग्नल पहिल्या व्हॉल्व्हला ढकलतो आणि तो गोलसर फाटत जातो. ट्रान्झिस्टर एका मर्यादेपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम कापतो, म्हणून कर्कश लागतो. तुमच्याकडे फाडायचं काम पेडललाच करू द्या.

ट्यूब स्क्रीमर साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी उचलतो, त्यामुळे मिड पुढे येतात. तुम्ही अँपवर मिड ३ ठेवून नेमकं तेच पुसताय. बेस ८ ची ओढ समजते, कारण हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. पण तीच सेटिंग जरा मोठ्याने वाजवली की घुमायला लागते.

सोल्डरची_तार

चिरका आवाज आणि गोधडी, ही दोन दुखणी गिटारच्या आतली आहेत.

स्ट्रॅटच्या जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये ब्रिज पिकअपला टोनचा नॉबच नसतो. पिकगार्ड उघडा. पाच पोझिशनच्या स्विचवर मधल्या पिकअपच्या टोनची तार ज्या टोकाला येते, तिथून त्याच बाजूच्या ब्रिजच्या टोकापर्यंत छोटी तार जोडा. आता दुसरा टोन नॉब ब्रिजवरही चालेल. तो ६ वर ठेवा. चिरकेपणा बराच तिथेच जातो.

व्हॉल्यूम उतरवला की पॉटचा (नॉबखालच्या बदलत्या रोधकाचा) रोध आणि केबलची कपॅसिटन्स मिळून ट्रेबल खातात. व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट टोकापासून मधल्या टोकापर्यंत १५० किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडा. याला ट्रेबल ब्लीड म्हणतात. नुसता कपॅसिटर टाकला तर व्हॉल्यूम उतरवताना आवाज पातळ, टिनपाटासारखा होतो. पॉटला सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवू नका, आतला कार्बनचा पट्टा बिघडतो. सहा मीटरची केबल असेल तर तीन मीटरची घ्या. कधीकधी तेवढ्यानेही पुरतं.

पिकअपची उंचीही बघा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड तारेखाली २.४ मिलिमीटर, बारीक तारेखाली २ मिलिमीटर. याहून जवळ आणलं तर चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर डगमगतो. गिटार ट्यून असूनही बेसूर लागते ती यामुळे.

पाचवी_पोझिशन

दोघांचेही मनापासून आभार. ड्राइव्ह उतरवल्यावर कॉर्डमधले सूर सुटे झाले. सोल्डरिंग रविवारी. मग ५ वॅटचा व्हॉल्व्ह अँप घेतला तर फ्लॅटमध्ये चालेल ना?

तापलेला_व्हॉल्व्ह

नाही चालणार. २० वॅटवरून ५ वर आलात तरी फरक फक्त ६ डेसिबलचा. ५ वॅटचा अँप पूर्ण उघडला तर खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल. तुमच्या घरात एकच वस्तू घ्यायची तर हेडफोनवर चालणारा मॉडेलर (वेगवेगळ्या अँपच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र). त्यात मार्शलचा जेटीएम-४५ निवडा. त्याचं सर्किट फेंडरच्या बॅसमनवरून घेतलेलं आहे, त्यामुळे ते नसेल तर ट्वीड बॅसमन चालेल. कॅबिनेट १२ इंची दोन स्पीकरचं. गेन इतकाच की गिटारचा व्हॉल्यूम ६ वर असताना कॉर्ड स्वच्छ यावी आणि १० वर सोलो फाटावा. तारा ०.०१० च्या लावा आणि गिटार अर्धा सूर खाली उतरवा, बेंडला (तार ओढून सूर चढवायला) जवळपास ०.००९ इतकाच जोर लागेल.

पुढे कधी व्हॉल्व्हचा अँप घेतलात आणि मध्ये अटेन्युएटर (अँप आणि स्पीकरमध्ये बसून आवाज कमी करणारा डबा) लावलात, तर त्याचे ओहम अँपच्या आउटपुटशी जुळलेच पाहिजेत. जोडायला स्पीकरचीच केबल वापरा, गिटारची नाही. आणि स्पीकर किंवा लोड जोडल्याशिवाय तो अँप एक मिनिटही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.