घरच्या अळवाच्या वड्या खाऊन सगळ्यांचे घसे खाजले. अळू चुकलं की मी?

कुंडीतली_कोथिंबीर

मंडळी, जरा सविस्तर लिहिते. अर्धवट लिहिलं की पहिला प्रतिसाद 'फोटो टाका' असा येतो, आणि फोटो नाही. मोबाइल लेकीने डाळीच्या पातेल्यात बुडवल्यापासून कॅमेऱ्याला सगळं जग धुक्यात दिसतं.

आम्ही पुण्यात, सिंहगड रोडला. तिसरा मजला, पूर्वेची बाल्कनी, ऊन साडेदहापर्यंत. त्यात कपड्यांचा स्टँड, नवऱ्याची न चालवलेली सायकल आणि उरलेल्या जागेत माझी शेती. गेल्या वर्षी मे महिन्यात सासूबाईंनी गुहागरहून अळवाचे ३ कांदे आणले. त्यांच्या माहेरी न्हाणीच्या सांडपाण्यावर ते अळू कधीपासून आहे, कोणी लावलं, कोणालाच ठाऊक नाही. मी ते रंगाच्या २० लिटरच्या बादलीत लावले. खाली भोकं, निम्मी माती, निम्मं शेणखत, वर भाज्या धुतलेलं पाणी. पहिल्या पावसाळ्यात पानं तळहाताएवढीच राहिली. यंदा जुलैत मात्र ताटाएवढी झाली. सासूबाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन बादलीशेजारी उभ्या राहायच्या, माहेरचं माणूस आल्यासारख्या.

तर श्रावणातल्या रविवारी बनेश्वरला जायचं ठरलं. डब्यात दशम्या, दही, लसणीची चटणी आणि घरच्या अळवाच्या वड्या. पहाटे पावणेसहाला उठून १२ पानं कापली. बेसन, थोडं तांदळाचं पीठ, गूळ, तिखट, गोडा मसाला, तीळ, ओवा. चिंचेच्या बरणीत बघते तर तीन चिंचोके. म्हटलं आंबटाला आंबट, आमचूर घातलं दोन चमचे. उंडे चाळणीवर ठेवले आणि तिकडून नवरा सुरू, "साडेआठला निघालो नाही तर बोगद्याशी अडकू." १० मिनिटांत उतरवले, गरम असतानाच कापले (अर्धे फुटले), तळले, डबा बंद.

बनेश्वर छान झालं म्हणजे खरंच छान झालं. चेलाडीला वळलो तसा पाऊस थांबला. देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं, १७४९चं. समोरच्या कुंडात मासे. घंटेवर क्रॉस आणि १६८३ साल आहे, चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीजांची घंटा ती. सासऱ्यांनी हे सगळं लेकीला सांगितलं. तिने विचारलं, "मग ती त्यांना परत कधी द्यायची?" सासरे म्हणाले, चला जेवायला.

झाडाखाली चटई टाकली. शेजारच्या चटईवर एक कुटुंब होतं, त्यांच्या आजींनी आमच्या डब्याकडे कौतुकाने पाहिलं, म्हणून मी आधी त्यांना ताटलीत ४ वड्या दिल्या. मग आम्ही घेतल्या. पहिली वडी खाऊन सासरे बोलायचे थांबले. आमच्या घरी ही गोष्ट होत नाही. नवऱ्याने अख्खी बाटली पाणी संपवली. लेक म्हणाली, "आई, माझ्या घशाने स्वेटर घातलाय." सासूबाई डोळ्यांत पाणी आणून दुसरी वडी खात होत्या, कारण माहेरचं अळू खाजणं शक्य नाही. आणि मी शेजारच्या चटईकडे बघण्याचं धाडस करत नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी ताटली परत केली, तीत काकडीच्या फोडी. रिकामी ताटली देऊ नये म्हणून दिल्या की आम्हालाही लागतील म्हणून, कळलं नाही. लागल्या.

तासाभरात सगळे ठीक झाले. पण आता प्रश्न असा: दोष अळवाचा की माझ्या करण्याचा? हे विचारण्याची घाई एवढ्यासाठी की सासूबाईंनी जाहीर केलंय, यंदा ऋषीच्या भाजीत हेच अळू पडणार. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी चालत नाही ना, आणि आमच्या बादलीला बैल लागलेला नाही हे त्या सगळ्या सोसायटीला सांगून बसल्यात. २२ माणसं जेवायला आहेत.

शेणखत

चिंच नाही तर अळू नाही. विषय संपला.

कुंडीतली_कोथिंबीर

विषय संपला असता तर मी एवढं टाइप केलं नसतं हो. आमचूर आंबट नसतं का?

परसदारची_काकू

अगं, असतं. पण दोन चमचे आमचूर पिठात कुठे हरवलं ते तुला तरी सापडलं का? चिंचेचा कोळ पानाला लागतो, पिठात मुरतो. १२ पानांना मी लिंबाएवढी चिंच भिजवते, आणि कोळ दाट काढते. आमच्याकडे रत्नागिरीला काही घरांत आमसुलाचं आगळ वापरतात, तेही चालतं.

पण माझा संशय तुझ्या त्या १० मिनिटांवर जास्त आहे. उंडा मनगटाएवढा जाड, मधल्या पानापर्यंत वाफ पोचायला वेळ नको? २०-२५ मिनिटं पाहिजेत, तीही पाण्याला उकळी आल्यापासून मोजलेली. सुरी घालून बघायची, पीठ चिकटलं नाही तर झालं. मग पूर्ण गार करायचा. तुझ्या वड्या फुटल्या त्या गरम कापल्यास म्हणून. मी आदल्या रात्री वाफवून ठेवते आणि सकाळी फक्त तळते. नवऱ्यांना बोगद्याची घाई असतेच.

आणखी दोन गोष्टी. पान उलटं ठेवून मागची जाड शीर सुरीने तासलीस का? आणि त्यावर लाटणं फिरवलंस का? शिरा राहिल्या की पान कच्चं राहतं. पानं तोडतानाही फार जून घेऊ नयेत. ताटाएवढं झालं म्हणून कौतुकाने ठेवलं असशील, पण वडीला तिसरं-चौथं पान बरं, अगदी खालचं लोंबलेलं नको.

आणि मुळात ते वडीचं अळू आहे का? वडीच्या अळवाचा देठ काळपट-जांभळा, पान जाडसर. भाजीच्या अळवाचा देठ हिरवा, पान मऊ, ते फदफद्याला. पावसात गडग्याच्या कडेने आपोआप उगवतं ते तेरं, ते आम्ही भरपूर आंबट घालून खातो, पण नवख्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. सासूबाईंना विचार त्यांच्या न्हाणीवर कुठलं होतं.

कुंडीतली_कोथिंबीर

काकू, शीर तासली नाही. लाटणं फिरवलं नाही. पानं सर्वांत मोठी तीच घेतली, बरोबर ओळखलंत. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "काळ्या देठाचंच. आमच्याकडे दुसरं नव्हतंच." एवढं म्हणून थोड्या रुसल्यात.

निवृत्त_मास्तर

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात ३१ वर्षं गेली, त्यामुळे राहवत नाही.

खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. पानाच्या विशिष्ट पेशींत ते जुडीने बांधलेले असतात. पान चावलं की जुडी सुटते आणि सुया जिभेला, घशाला टोचतात. म्हणून लेकीची स्वेटरची उपमा मला फार आवडली, लोकर टोचते तसंच ते. आंबट घालणं आणि नीट शिजवणं या दोन्हींनी त्रास बराच कमी होतो, हा पिढ्यांचा अनुभव आहे. ठाणे-रायगडकडे पावसाच्या सुरुवातीला शेवळं येतात, तीही अशीच खाजरी. बाजारात शेवळं विकणारी बाई सोबत काकडं नावाची आंबट फळं देतेच. न देता विकणारी मी पाहिलेली नाही.

आता तुमच्या बादलीबद्दल. मला परसदारच्या काकूंच्या शेवटच्या प्रश्नात जास्त रस आहे. बादलीपाशी जाऊन एक पाहा: देठ पानाला कुठे जोडलाय? खाण्याच्या अळवात पानाला वर जी खाच असते, तिच्या थोडा आत, पानाच्या पोटात देठ चिकटतो. वरच्या बाजूने तिथे एक ठिपका दिसतो, पुष्कळदा जांभळट. पानाचं टोक जमिनीकडे झुकलेलं असतं, आणि पान निस्तेज, मखमली असतं. पाणी टाकलं की मोती होऊन घरंगळतं, 'अळवावरचं पाणी' म्हणतो ते. याउलट शोभेला लावतात त्या 'हत्तीच्या काना'त देठ जवळजवळ खाचेतच जोडलेला, पान चकचकीत आणि बरेचदा टोक आडवं किंवा आकाशाकडे. ते खायचं नाही. शंका असेल तर तेही खायचं नाही, चिंच कितीही असो.

घसा खाजला तर चिंच किंवा आमसूल चघळतात, दही-ताक घेतात, ते ठीक. पण ओठ-जीभ सुजली, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास झाला तर घरचे उपाय करत बसू नये, सरळ डॉक्टर. आणि त्या २२ जणांत कोणाला मुतखड्याचा त्रास असेल तर त्यांना अळू जपूनच वाढा.

भटकी_जमात

मूळ प्रश्न सोडून विचारतो, क्षमस्व. बनेश्वरला रविवारी गर्दी कितपत? धबधब्यापर्यंत सत्तरीच्या आईला नेता येईल का?

कुंडीतली_कोथिंबीर

श्रावणात गर्दी असते, आम्ही दहाच्या आत पोचलो म्हणून गाडीला जागा मिळाली. सोमवारी जाऊ नका. देवळापर्यंत आईंना काही अडचण नाही. शिवगंगेच्या धबधब्याकडे दगड निसरडे असतात, माझे सासरे वरूनच बघतात आणि वरूनच सूचना देतात. डबा घरून न्या. कोणता ते मी सांगायला नको.

कुंडीतली_कोथिंबीर

मास्तर, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री साडेदहाला टॉर्च घेऊन बाल्कनीत गेले. आता जे सांगते त्यावर कृपया हसू नये.

बादलीत दोन झाडं आहेत.

म्हणजे अळवाची तीन-चार रोपं काळ्या देठाची, पोटात ठिपका असलेली, मान खाली घातलेली. आणि मागे कठड्याला टेकून एक दांडगं, हिरव्या देठाचं, चकचकीत, टोक वर करून उभं. देठ थेट खाचेत. मी पाणी टाकून बघितलं, तसंच पसरलं. ताटाएवढी पानं म्हणून मी ज्यांचं कौतुक करत होते ती बहुतेक त्याचीच.

हे आलं कुठून याचा शोध सकाळी लागला. गेल्या दिवाळीत सोसायटीच्या माळीकाकांनी मला एका छोट्या कुंडीत 'शोचं झाड' दिलं होतं. ती कुंडी नवऱ्याने सायकल काढताना फोडली. (सायकल तेवढी एकदाच बाहेर निघाली होती.) आणि फुटलेल्या कुंडीतला कांदा त्याने गुपचूप सर्वांत जवळच्या मातीत खुपसला. नऊ महिने हा माणूस गप्प होता. काल मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मला वाटलं सगळं अळूच."

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी फक्त "बघ" एवढंच म्हटलं, पण तो एक शब्द त्यांनी दिवसभर पुरवला.

परसदारची_काकू

अगो बाई! काढ ते आधी, आणि हातमोजे घाल. नसतील तर हाताला खोबरेल चोळून घे, नाहीतर हातही स्वेटर घालतील. मुळातला बारीकसारीक कांदाही ठेवू नकोस, परत फुटतो. लेकीला लांब ठेव. आणि त्याच मातीत आलेली खरी पानं खुशाल खा, शेजारामुळे अळू बिघडत नाही, ओळखण्यात घोटाळा होतो एवढंच.

शेणखत

मी म्हटलं होतं चिंच. चुकलो. नवरा.

कुंडीतली_कोथिंबीर

शेवटचं लिहिते. हत्तीचा कान वेगळ्या कुंडीत घालून जिन्यात ठेवला, त्यावर लेकीने 'खाऊ नये' अशी पाटी लावली आहे. चित्रही काढलंय, जीभ बाहेर काढलेला माणूस, मिशा सासऱ्यांच्या.

शनिवारी काळ्या देठाची चारच पानं तोडली. शीर तासली, लाटणं फिरवलं, चिंच लिंबाएवढी, २५ मिनिटं घड्याळ लावून. गार झाल्यावर कापली तर एकही वडी फुटली नाही, आत गोल गोल रेघा दिसत होत्या. पहिली मी एकटीने खाल्ली आणि अर्धा तास थांबले. तेवढ्यात सासूबाईंनी दोन उचलल्या, थांबणं त्यांना अपमानास्पद वाटत होतं. काही झालं नाही. मग उरलेल्या देठांचं चणाडाळ, दाणे, मुळा घालून फदफदं केलं, आणि ते वड्यांपेक्षा चांगलं झालं, हे मी घरात बोलले नाही.

ऋषीच्या भाजीसाठी पानं पुरणार नाहीत, थोडं अळू मंडईतून आणावं लागेल. मंडईतल्या अळवाला बैल लागला होता का, हे कसं ओळखायचं यावर सासूबाई आणि सासरे यांचं कालपासून चाललंय.

आणि त्या रविवारी बनेश्वरला निळ्या चटईवर बसलेलं, चार वड्या घेऊन काकडी देणारं कुटुंब इथे असेल तर कृपया निरोप टाका. चार वड्यांचं देणं लागते.