ट्रायक्लोरोइथिलीन घटले, पण सिस-डायक्लोरोइथिलीन वाढले: हे नैसर्गिक विघटन मानावे का?

प्रश्न
धातूचे सुटे भाग धुण्याचे काम जेथे पूर्वी चालत असे, अशा एका आवारातील भूजलावर मी तीन वर्षे देखरेख करीत आहे. स्रोताजवळच्या निरीक्षण विहिरीत ट्रायक्लोरोइथिलीन (धातूवरचे तेलकट डाग काढणारे क्लोरिनयुक्त द्रावक) दर लिटरमागे ९०० मायक्रोग्रॅमवरून १५० वर आले, मात्र सिस-डायक्लोरोइथिलीन ६० वरून ४८० वर गेले. व्हायनिल क्लोराइड जेमतेम ४ आहे आणि इथिलीन सापडत नाही. ऑक्सिजन व नायट्रेट जवळजवळ संपले आहेत, विरघळलेले लोह वाढले आहे, सल्फेट ९० मिलिग्रॅम आहे. जागेचे मालक म्हणतात की निसर्ग आपले काम करीत आहे. पावसाच्या पाण्याने द्रावण नुसते पातळ झाले नसेल ना, अशी मला शंका आहे.

पहिले उत्तर
मायक्रोग्रॅमची तुलना येथे फसवी ठरते, कारण ट्रायक्लोरोइथिलीन, सिस-डायक्लोरोइथिलीन, व्हायनिल क्लोराइड आणि शेवटी इथिलीन या क्रमाने क्लोरिनचा एकेक अणू गळत गेला की रेणूचे वजनही घटते. आपले आकडे मोलमध्ये, म्हणजे वजनाऐवजी रेणूंच्या संख्येत, बदलून पाहिले: ट्रायक्लोरोइथिलीन ६.८५ वरून १.१४ मायक्रोमोलवर, तर सिस-डायक्लोरोइथिलीन ०.६२ वरून ४.९५ वर. एकूण बेरीज ७.५ वरून साधारण ६.२ झाली. पाणी केवळ पातळ झाले असते, तर दोन्ही संयुगे सारख्याच प्रमाणात घटली असती. विघटन होत आहे, याविषयी मला शंका नाही. ते अर्ध्यावर अडकले आहे, हा खरा प्रश्न आहे.

दुसरे उत्तर
सहमत आहे. पहिला क्लोरिन काढणारे जिवाणू अनेक प्रकारचे असतात, परंतु डायक्लोरोइथिलीनपासून थेट इथिलीनपर्यंत मजल मारणारे मुख्यत्वे डिहॅलोकोकॉइडिस या गटातले. टेट्राक्लोरोइथिलीनचे (चार क्लोरिन असलेल्या अशाच द्रावकाचे) इथिलीनपर्यंत रूपांतर करणाऱ्या या गटातील जिवाणूचे वर्णन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना ऑक्सिजन सोसत नाही, ऊर्जेसाठी हायड्रोजन लागतो आणि पाणी आम्लधर्मी असले तर ते मंदावतात. लोह व सल्फेट वापरणारे जिवाणू तोच हायड्रोजन आधी पळवतात, त्यामुळे सल्फेट शिल्लक असताना गाडी सिस-डायक्लोरोइथिलीनवर थांबलेली अनेकदा दिसते. या जिवाणूंची, आणि विशेषतः व्हायनिल क्लोराइड पचवणाऱ्या त्यांच्या जनुकाची, डीएनए तपासणी करून घ्यावी.

प्रश्नकर्ता
मोलचा हिशेब मी केलाच नव्हता, आभारी आहे. मळीसारखा सेंद्रिय पदार्थ सोडून हायड्रोजन वाढवावा का?

तिसरे उत्तर
तपासणीआधी नको. योग्य जिवाणू पुरेसे नसतील, तर मळीमुळे सल्फेट संपेल, मिथेन बनेल आणि व्हायनिल क्लोराइड साचून बसेल. ते माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध आहे आणि अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा २ मायक्रोग्रॅम, म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीनच्या ५ पेक्षाही कडक आहे. आपले ४ आजच तिच्या दुप्पट आहेत. प्रवाहाच्या खालच्या बाजूच्या विहिरीही तपासाव्यात, कारण तेथे ऑक्सिजन असेल तर व्हायनिल क्लोराइडचे ऑक्सिडीकरण होऊन ते इथिलीन न बनताही नाहीसे होऊ शकते. शिवाय नमुने कसे घेतले जातात तेही पाहावे, कारण ही संयुगे हवेत सहज उडतात. ४० मिलिलिटरची बाटली काठोकाठ भरून, झाकण लावून उलटी करावी व बोटाने टिचकी मारावी. बुडबुडा वर सरकताना दिसला, तर तो नमुना टाकून नवा घ्यावा.