मिलिटरी पोलीसमध्ये अधिकारी व्हायचंय, मार्ग कोणता?

मी बी.एससी. झालोय, वय २४, अविवाहित. लष्कराच्या कोअर ऑफ मिलिटरी पोलीसमध्येच, म्हणजे सैन्यातल्या पोलीस शाखेतच जायचंय. लाल टोपी, पांढरा पट्टा ठीक आहे, पण मला ओढ तपासाच्या आणि शिस्तीच्या कामाची आहे. अग्निवीरसाठी वय उलटून गेलंय, म्हणून सीडीएसमधून (सैन्यदलांत अधिकारी भरतीची परीक्षा) ओटीएचा (लष्करी अधिकारी घडवणारी प्रशिक्षण अकादमी) अभ्यास सुरू केलाय. फॉर्म अजून भरायचाय. भरतीची जाहिरात वाचून झाली, त्यात कोअरबद्दल अवाक्षर नाही. 'राज्य पोलिसात जा' हा सल्ला घरी रोज मिळतो, तो नको! ओटीएत कोअरची पसंती विचारतात ना, मग तिथून थेट मिलिटरी पोलीस मिळतं का, की आधी दुसऱ्या रेजिमेंटमध्ये काही काळ काढावा लागतो? आणि कायद्याची पदवी घेतली तर निवडीत काही फरक पडतो का?